बाबांचं अर्धं वाक्य

भूतबाधा, अंगात येणं असल्या प्रकारांवर माझा काडीचा विश्वास नाही. मूल गावात माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. वस्तू बंद का पडली हे शोधणं माझा धंदाच... पण त्या दुपारचं कोडं मला अजून सुटलेलं नाही.

बाबा झाडीपट्टी रंगभूमीवरचे जुने नट. कंपवाताने हात थरथरायचे, म्हणून काही वर्षांपूर्वी मीच हट्टाने ऑपरेशन करवलं. मेंदूत तारा, छातीच्या कातडीखाली बॅटरी. हात शांत झाले. पण हळूहळू तोल जाऊ लागला, जीभ जड झाली. ज्या आवाजाने मागच्या रांगेतल्या बायका रडायच्या, त्या आवाजात आता पाणीसुद्धा नीट मागता येत नाही. डॉक्टर सेटिंग बदलून थकले. हे माझ्यामुळे झालं, असं मला रोज वाटतं.

दिवाळीच्या सुमारास एका दुपारी गावात नव्या नाटकाची तालीम होती. पोरांनी बाबांना मानाने स्टेजला लागून, साउंडच्या मोठ्या खोक्याशेजारी बसवलं. तोल जातो म्हणून ते खोक्यालाच छाती टेकून बसले. चुंबकाने छातीतलं मशीन बंद पडू शकतं, हे मला बजावलेलं होतं. पण एवढा बॅटरीवाला मी... स्पीकरमधलं चुंबक डोक्यातच आलं नाही.

स्टेजवर नाटकातल्या बापाचं भाषण अर्ध्यावर थांबलं, पुढचं अजून लिहायचं होतं. आणि बाबांनी ते पुढे नेलं! खणखणीत, जुन्या आवाजात.

नाटकाचा लेखक बाबांकडे बघत उठूनच उभा राहिला. "भाऊले कोनं सांगतलं? हे तं माह्या डोक्यात हाये, कागदावर उतरवलोच नाई!"

बाबा माझ्याकडे वळले. "पोरा, तुले एक सांगाचं राहून गेलं..."

त्यांचे हात धान पाखडल्यासारखे हलत होते. मी घाबरलो. खिशातला मशीनचा रिमोट काढून त्यांच्या छातीशी धरला, मशीन चालू केलं. हात थांबले... आणि वाक्यही.

मशीन बंद झाल्याने जीभ सुटली, असं डॉक्टर म्हणाले. ते पटलं. पण दुसऱ्याच्या डोक्यातले शब्द? त्यावर ते नुसते हसले. आणि लेखक सांगतो, 'पोरा'चं वाक्य तर त्यालाही सुचलं नव्हतं.

गेल्या महिन्यात तपासणीत डॉक्टरांनी मशीन थोडा वेळ बंद केलं. हात थरथरले, आवाज मोकळा झाला. मी वाकून विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुमी मले काय सांगून राह्यले होते?"

त्यांनी माझ्या खिशातल्या रिमोटकडे बोट केलं.

"मले काय मालूम," अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले. "तूच तं थांबवलं."