बाइंडरची सकाळ

पुस्तकबांधणीच्या कारखान्यातल्या बाइंडरच्या मेंदूत रक्तस्राव झाला त्याला चार वर्षं झाली. "वाचले, हे नशीब समजा," असं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते. बायकोने तसं मानलं. वाचल्यावर पुढे काय, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

भेटायला येणारे म्हणायचे, "छान दिसताहेत की! आता काही नाही ना?" काही नाही कसलं, डोंबल! हातपाय चालत होते, बोलणं बरं होतं; पण कशानंतर काय करायचं, तेच डोक्यातून उडालं होतं. चहाची पूड कपात पडायची आणि पातेलं कोरडंच गॅसवर तापत बसायचं. नुसता शर्ट घातला की अर्धा तास आडवं व्हावं लागायचं. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. बायको काही फसत नव्हती, कारण ती चोवीस तास घरात होती. दात घासा, आता चूळ भरा, आता टॉवेल घ्या. स्वतःच्या आवाजाचाच तिला वीट आला होता.

म्हणून शाळेच्या कचेरीत अर्ध्या दिवसाचं काम मिळालं, तेव्हा ती आधी आनंदली आणि मग घाबरली. ते सकाळी एकटे राहू शकले, तरच नोकरी. तिने सात कार्डं लिहिली: दात, आंघोळ, कपडे, नाश्ता, गोळी, बूट, गल्लीच्या टोकापर्यंत फेरी. वरचं कार्ड वाचायचं, काम उरकायचं, कार्ड बाजूला ठेवायचं. आठवडाभर तिच्या देखत त्यांनी एकही चूक केली नाही.

पहिल्या दिवशी ती साडेबाराला परतली, तर बाइंडर अंगातल्या शर्टपँटसकट, पायातल्या बुटांसकट नखशिखांत भिजून मोरीत उभे होते. आणि मन लावून दात घासत होते.

"अहो, हे काय?"

"झालंच," ते फेसातून म्हणाले. "हे शेवटचं. सातही केली, एकही गाळलं नाही."

ती टेबलाशी गेली. बाजूला ठेवलेल्या गठ्ठ्यात फेरीचं कार्ड तळाशी होतं; कार्डांचा क्रम उलटा झाला होता. हळूहळू तिच्या लक्षात आलं. कारखान्यात पुस्तक जुळवताना छापील कागदांच्या घड्या शेवटापासून उचलतात. शेवटची खाली, पहिली सगळ्यांत वर. तीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. काल संध्याकाळी हाताला चाळा म्हणून त्यांनी आधीच लावलेली कार्डं वरून एकेक उचलून पुन्हा जुळवली होती, त्यात पहिलं तळाशी गेलं होतं, आणि कडा ठोकून सारख्या केल्या होत्या. मग आज अनवाणी, रात्रीच्या कपड्यांत फेरी झाली. मग बूट. रिकाम्या पोटी गोळी. बुटांवरून पँट चढवायला किती वेळ लागला असेल, देव जाणे.

तिला हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. राग त्यांचा नव्हता, कुणाचाच नव्हता. ती नुसती थकली होती. तिने फोन उचलला.

"कुणाला करतेस?"

"शाळेत. जमायचं नाही म्हणून सांगते."

"ठेव तो. भिजलो गं, मेलो नाही." ते दाराला धरून उभे होते. "तू घरी बसलीस, की मला रोज वाटतं, मी दोघांचं आयुष्य खाल्लं."

तिने फोन खाली ठेवला. कार्डांवर मोठे आकडे घातले. कोरडे कपडे स्टुलावर ठेवले. मग आतल्या खोलीत जाऊन पलंगावर पडली, भरदुपारी, चार वर्षांत पहिल्यांदा.

बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला. बुटाच्या ओल्या नाडीची गाठ सुटत नव्हती; त्यांचं पुटपुटणं, थांबणं, पुन्हा पुटपुटणं ऐकू येत होतं. एक बूट पडला. मग बराच वेळ काहीच नाही. हाक दहादा तिच्या ओठांवर आली.

ती उठली नाही.