तळव्याखालचं प्लास्टर

काल आमच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतो त्या कारखान्यात, नव्या साच्यासाठी प्लास्टर ओतलं. मी सहज तळवा टेकवला, तर ते तापायला लागलं होतं. त्या उबेने मला थेट इस्पितळात नेलं.

माझी लेक सुमन तेव्हा तान्ही होती. तिच्या खुब्याची वाटी उथळ, त्यामुळे मांडीच्या हाडाचा गोळा सारखा बाहेर सरकायचा. भूल देऊन डॉक्टरांनी तो बसवला, पाय बेडकासारखे फाकवून कमरेपासून प्लास्टर घातलं आणि मला आत बोलावलं. "गोळा आत टिकला, तरच वाटी खोल होईल," ते म्हणाले. मी प्लास्टरवर हात ठेवला, तर ते गरम लागलं.

"डॉक्टर, माझा चेडू भाजता!"

"सुकताना तापतंच ते. बोटं रुतवू नका, नुसता तळवा ठेवा."

मी श्वासही जपून घेत होते. माझा हात हलला, तर गोळा निसटेल असं वाटत होतं.

"आई, साचो कवाचो थंड झालो. हात काढ गो आता!" सुमन म्हणाली. दोन्ही गुडघे छातीशी घेऊन, उकिडवी बसून ती माती मळत होती.

मी हात काढला. पण हळूच, काही निसटू नये अशा बेताने.