बर्फातले पिक्चर आणि गिरणीच्या अक्का

गिरणीच्या अक्का कुठलाही पिक्चर आधी शेवटाकडून बघायच्या. रिमोटचं बटण दाबून धरायच्या, अख्खा पिक्चर सर्रकन पुढं पळवायच्या आणि शेवटची दहा मिनिटं उरली की थांबवायच्या. त्या दहा मिनिटांत नायक बर्फातून धावत नायिकेच्या दारात पोचला, की "आला बाई एकदाचा" म्हणून पदराला हात पुसायच्या आणि मग पिक्चर पहिल्यापासून लावायच्या. नाही आला, तर तो पिक्चर बाद. मी एकदा त्यांना रसभंग म्हणजे काय ते समजावायला गेलो. म्हटलं, "अक्का, शेवट आधीच कळला तर मजा काय राहिली?" तर म्हणाल्या, "सर, येतोय का न्हाय या घोरात बसायला मजा येती व्हय कुणाला? मी बसलेली हाय. न्हाय येत मजा."

आता मी येरमाळ्याला बदलून आलोय; तेव्हा लोहाऱ्यात एका शाळेत इंग्रजी शिकवायचो. शिकवायचो म्हणजे पुस्तकातलं इंग्रजी मराठीत सांगायचो आणि पोरांनी काही विचारलं, की "ते पुढच्या धड्यात येणार आहे" असं म्हणायचो. अक्कांची पिठाची गिरणी माझ्या खोलीच्या समोर. वडिलांच्या माघारी ती त्याच चालवायच्या. वय पन्नाशीच्या आसपास, घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि गिरणीशी दोन्ही. दुपारी थ्री फेजची वीज गेली की गिरणी बंद पडायची. पण एका फेजवर पंखा आणि टीव्ही चालायचे. गावातल्या बायका डबे रांगेत ठेवून घरी जायच्या आणि अक्कांचा पिक्चर सुरू व्हायचा.

पिक्चर म्हणजे नाताळातले. परदेशातले, फुकटात मिळणारे, हिंदीत डबसुद्धा न झालेले. अक्का त्यांना 'बर्फातले' म्हणायच्या आणि ते वर्षभर बघायच्या. मे महिन्यात पत्रा तापून तडतडायला लागला, तरी त्यांच्या टीव्हीत बर्फ पडत असायचा. गोष्ट ठरलेली. मोठ्या शहरात नोकरी करणारी एक पोरगी सणासाठी लहानशा गावात येते. तिथं चौकड्याचा शर्ट घातलेला एक गडी पाव भाजत नाही तर झाडं विकत असतो. दोघांचं आधी भांडण, मग हातात गरम कपबशी, मग गैरसमज, मग बर्फ, मग धावाधाव. शेवटी ते दोघं तोंडाजवळ तोंड न्यायला लागले, की अक्का गिरणीच्या पट्ट्याकडं बघून घ्यायच्या. पट्टा बंद असला तरी.

मी स्वतःला वाचणारा माणूस समजायचो. गंभीर काहीतरी न्याहाळल्यासारखं तोंड करून म्हणालो, "अक्का, सगळ्यांची गोष्ट एकच की हो."

"भाकरी रोज एकच असती. टाकून देता का?" त्या म्हणाल्या. "हितं कुणी मरत न्हाय, कुणी कुणाला मारत न्हाय, सासवा चांगल्या. आन त्या पोरीचा शहरातला तो पहिला असतो ना सर, कोटवाला, त्याला सोडती ती. पण समोर बसवून सांगती. चहा पाजून. सोडायची बी एक रीत असती."

त्यांना इंग्रजीचा शब्द कळत नव्हता आणि तोवर त्याची अडचणही नव्हती. एकदा मी दळण घेऊन गेलो आणि नेमकी थ्री फेज गेली, तिथून घोळ झाला. "सर, तुम्ही इंग्रजीचं नव्हं का? मग सांगा, हे काय म्हणतंय." डब्यावर बसून मी ऐकायला लागलो. ती माणसं इतक्या वेगानं बोलत होती, की मला त्यातलं फक्त 'ओके' कळलं. पण बी.एड. झालेला माणूस कळलं नाही असं कबूल करत नाही. मी ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशीही दिलं. मग रोजच. "सर, ती बाई एवढा वेळ तोंड हलवली आन तुम्ही तीनच शब्द सांगितले?" असं त्यांनी धरलं, की मी म्हणायचो, "इंग्रजी फार पसरट भाषा आहे, अक्का." शेवटच्या दहा मिनिटांसाठी तर मी एकच वाक्य पाठ करून ठेवलं होतं. बर्फानं माखलेला गडी धापा टाकत काहीही बोलो, मी सांगायचो, "म्हणतोय, मी तुला न्यायला आलोय." हे वाक्य मला का सुचलं देव जाणे. आळसानं असेल. पण ते ऐकलं, की अक्का तेवढंच रिमोटनं मागं नेऊन परत लावायच्या. मला वाटायचं, आपलं भाषांतर साधलं.

त्यांची हकिगत मला त्यांनीच सांगितली, तीही गिरणीच्या दगडांना टाकी लावता लावता, छिन्नीचे घाव घालत. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पंचमीला भाऊ आणायला गेला आणि माहेरी घेऊन आला. आठ दिवसांनी न्यायला येतो, असं सासरचं सांगणं होतं. "न्यायला आल्याबिगर जायाचं नसतं, सर. आपल्या पायानं गेलं तर किंमत ऱ्हात न्हाय. मी पेटी भरून बसले. आठ दिवस झाले, दिवाळी झाली, संक्रांत झाली. मग कळलं, जळकोटला दुसरी आणली." नवऱ्याला त्या 'जळकोटचे' म्हणायच्या. या गोष्टीला बावीस वर्षं झाली होती. कुंकू होतं, मंगळसूत्र होतं. मी म्हटलं, "आता ते आले तर जाल का?"

छिन्नी थांबली. "शिवा, शिवा! कशाला जाईन? आले तर मी म्हणणार, मी येत न्हाय. पण ते म्हणायला त्यांनी यायला तर पायजे."

इथं शहाण्या माणसानं पीठ उचलून घरी जायला हवं होतं. पण मी वर्षभर रोज दुपारी बर्फातले पिक्चर बघत होतो. माझ्या डोक्यात शिरलं, की माणूस फक्त अडलेला असतो. कुणीतरी मधे पडून चार शब्द बोलावे लागतात. पिक्चरमध्ये ते काम पांढऱ्या दाढीचा म्हातारा करतो. मी एका रविवारी दाढी करून, अर्धा किलो नानकटाई घेऊन, दोन जीपा बदलून जळकोटला गेलो. अक्कांना न सांगता.

हायवेला त्यांचं सिमेंट-पत्र्याचं दुकान होतं, मागं घर. माणूस अगदी सज्जन निघाला, ही पहिली पंचाईत. चहा आला, चिवडा आला. मी इंग्रजीचा शिक्षक म्हटल्याबरोबर त्यांनी दहावीतला मुलगा हाक मारून समोर बसवला. "जरा बघा हो सर, इंग्रजीत लई कच्चा हाय." मी एक तास त्या मुलाला काळ शिकवले. भूतकाळ तर दोनदा. त्याच्या आईनं माझीच नानकटाई मला बशीतून दिली. उठताना, चपला घालता घालता, मला आठवलं मी कशासाठी आलोय. मी हळूच म्हटलं, "लोहाऱ्याच्या अक्कांकडून आलो होतो. एकदा येऊन जा. त्यांना काही नको, फक्त तुम्ही न्यायला—"

त्यांनी आत बघितलं, बाहेर बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "वकिलाला विचारून सांगतो."

पंधरा दिवसांनी अक्कांच्या नावानं रजिस्टर आलं. आत वकिलाची नोटीस, दोन पानं, इंग्रजीत. दुपारची वेळ, गिरणी बंद, टीव्ही चालू. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि कागद माझ्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजी मला शब्दन्शब्द कळत होतं. मी सवयीनं सुरुवात केली, "म्हणतात, तुमची तब्येत वगैरे—"

"सर," अक्का म्हणाल्या, "एवढे दोन कागद हायेत. नीट वाचा."

मग मी नीट वाचलं. पत्नी बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या मर्जीनं घर सोडून निघून गेली. पुन्हा नांदायला आली नाही. उभयतांनी संमतीनं वेगळं व्हावं.

"मर्जीनं?"

"असं लिहिलंय."

"पेटी अजून भरलेली हाय, दाखवू का?" त्या मला विचारत होत्या, जसा काही मीच कोर्ट होतो. मग त्यांना एकाएकी काही सुचलं. "आन ह्यांना हे आताच कसं सुचलं, सर?"

मी सांगितलं. जळकोट, नानकटाई, भूतकाळ, सगळं. अक्का रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या टीव्हीकडं बघत राहिल्या. तिथं एक गडी शिडीवर चढून दिव्यांची माळ लावत होता. माळ लावून तो खाली उतरला, तेव्हा म्हणाल्या, "हे लोक शेवटी न्यायला आलो म्हणतात ना, ते खरंच म्हणतात का?"

"नाही, अक्का. ते मी घालायचो."

"कुणीच न्हाय म्हणत?"

"एखाददुसरा म्हणत असेल."

"एखादा तर म्हणतो," असं म्हणून त्यांनी टीव्ही बंद केला. त्यानंतर थ्री फेज गेली, की त्या जोत्यावर नुसत्या बसून राहायच्या. मी दळण घेऊन गेलो तर घ्यायच्या, डब्यावर माझं नाव लिहायच्या, बोलायच्या नाहीत. एकदा मीच निर्लज्जपणानं म्हटलं, "अक्का, नाताळ आलाय. नवे पिक्चर आले असतील." त्या म्हणाल्या, "तुमचं तुम्ही बघा, सर. तुम्हाला कळतंय."

पण नोटिशीला त्यांनी हो कळवलं. का, ते तारखेच्या आदल्या दिवशी कळलं. "सही करायला दोघांनी हजर पायजे म्हणतात. म्हणजे यावंच लागंल की त्यांना." मला सोबत चला म्हणाल्या; एवढं केल्यावर नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. सकाळच्या एसटीनं आम्ही धाराशिवला गेलो. अक्का नवं हिरवं इरकल नेसल्या होत्या, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता. वाटेत एकदाच बोलल्या. "मी येत न्हाय, असं म्हणायचं का येणार न्हाय, असं?" मी म्हटलं, "येत नाही, हे बरं वाटतं." पुढं औशाच्या फाट्यापर्यंत त्यांचे ओठ हलत होते.

कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही खांबाजवळ उभे होतो. जिन्यावरून जळकोटचे आले. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. "नमस्कार, सर! पोरगं पास झालं बरं का इंग्रजीत. तुमच्यामुळं." माझा हात हातात घेऊन त्यांनी हलवला. मग इकडं तिकडं बघितलं. अक्का माझ्या डाव्या हाताला उभ्या होत्या, एका हातावर. एसटीच्या रांगेतल्या माणसाकडं बघावं तसं त्यांनी अक्कांकडं बघितलं आणि मला विचारलं, "ती आली का?"

शेकडो नायकांच्या तोंडात मी शब्द घातले होते. इथं मी काही बोलायच्या आत अक्काच म्हणाल्या, स्वच्छ आवाजात, "आत गेल्यात त्या. बघा जावा."

"बरं झालं सांगितलं, ताई," असं म्हणून ते लगबगीनं आत गेले.

अक्का त्यांच्या पाठीकडं बघत राहिल्या. मी "अक्का" म्हटलं, तर हातानं थांब अशी खूण केली. आत जळकोटचे बाकांवरच्या बायकांचे चेहरे एकेक करून न्याहाळत फिरत होते. दारातून ते दिसत होतं. अक्कांनी ते सगळं शांतपणे बघितलं. मग शिपायानं बाहेर येऊन पुकारा केला. अक्कांचं नाव, त्यापुढं नवऱ्याचं, त्यापुढं जळकोटचं आडनाव. बावीस वर्षांत त्यांना या नावानं कुणी हाक मारली नसावी. दोनदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारायला शिपायानं तोंड उघडलं, तेव्हा अक्का "व्हय" म्हणाल्या आणि आपल्या पायानं आत गेल्या.