पप्पांचं लॅमिनेशन

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार हे नक्की झालं त्या दिवशी आमच्या कळव्याच्या बिल्डिंगमध्ये लोक जिन्यात पेढे वाटत होते, आणि आमची आई दिवाणासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. दिवाणाच्या वरच्या बाजूला मी झोपतो. पोटात पप्पांचे कागद झोपतात. लग्नाच्या आधीपासूनचे.

नवीन बिल्डिंग होईपर्यंत आम्ही डोंबिवलीला भाड्याने जाणार होतो, आणि ती जागा म्हणजे पाय पसरले तर शेजारच्यांना लागतील एवढी.

"हे सगळं तिकडे नेणार असाल तर मी इथेच राहते," आई म्हणाली. "बिल्डरला सांगा, हिच्यासकट पाडा."

"अगं, कागद आहेत म्हणून आपण आहोत," पप्पा म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी ते त्यांच्या आवाजात एवढ्या वेळा बोललोय, की आता त्यांनी ओरिजिनल म्हटलं तरी मला वाटतं, हा माझी कॉपी करतोय.

तर रविवारी सकाळी सफाई काढली. पप्पांच्या फायलिंगबद्दल आधी सांगतो, कारण ती सिस्टीम जगात दुसरीकडे नाही. फाईल हा प्रकार आमच्याकडे नाहीच. पिशव्या. साड्यांच्या दुकानाची पिशवी म्हणजे घराचे कागद. मिठाईवाल्याची पिशवी म्हणजे माझे आणि ताईचे शाळेचे. मेडिकलवाल्याच्या पिशवीत हॉस्पिटलचे कागद असतील असं तुम्हाला वाटेल, पण नाही, त्यात गॅसचे. हॉस्पिटलचे चपलांच्या दुकानाच्या पिशवीत. का? तर त्या दिवशी ती पिशवी हाताला लागलेली. हा अख्खा नकाशा फक्त पप्पांच्या डोक्यात. ते दोन दिवस गावाला गेले की आम्हाला नुसता आजोबांचा दाखला शोधायचा असेल तरी फोन लावावा लागतो, आणि ते कणकवलीहून सांगतात, "डावीकडून तिसरी, गाठ मारलेली. गाठ सोडू नको, कापू पण नको, सरकव."

पप्पा स्टुलावर बसले. मी एकेक कागद वर धरायचा आणि त्यांनी निकाल द्यायचा, असं ठरलं.

"मिक्सरची वॉरंटी."

"ठेव."

"मिक्सर कुठाय?"

"मिक्सर गेला. कंपनी आहे ना अजून?"

"लाईट बिल. जुन्या चाळीतलं, मी जन्मायच्या आधीचं."

"भरलेलं आहे का?"

"हो."

"मग तर ठेवच. उद्या म्हणाले भरलं नाही तर?"

मी लगेच वीजवाल्याचा आवाज काढला, "नमस्कार, आपण चाळीतला बल्ब फार वेळ चालू ठेवलेला, त्यासंदर्भात आलोय." आई आतून हसली. पप्पा हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून बिल घेतलं आणि मांडीखाली ठेवलं.

थोडं खाली गेल्यावर प्लास्टिक लागलं. लॅमिनेशनचा थर. याची पण एक स्टोरी आहे. मी लहान असताना एका पावसाळ्यात आमच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं. लोकांनी टीव्ही उचलले, गाद्या उचलल्या. पप्पांनी पिशव्या उचलल्या. तरी खालची एक भिजलीच. मग आठवडाभर आमच्या घरात दोरीवर चड्ड्या-बनियनच्या शेजारी चिमटे लावून दाखले वाळत होते. ते वाळले आणि पप्पा सगळं गाठोडं घेऊन कोपरीला एका लॅमिनेशनवाल्याकडे गेले. त्याच्याकडे स्कीम होती, दहावर एक फ्री. आता फ्री सोडायचं कसं? म्हणून महत्त्वाच्या कागदांपासून सुरू झालेलं प्रकरण शेवटी गणपतीच्या आरत्या, ताईने काढलेला मोर आणि एक साधं टेलिफोनचं बिल इथवर गेलं. रेशनकार्डसुद्धा लॅमिनेट केलेलं. पुढच्या वेळी रेशनवाला शिक्का मारतोय, शिक्का घसरतोय. तो पुन्हा मारतोय, तो पुन्हा घसरतोय. मी शाळेत हा सीन करून दाखवायचो, हिट होता.

दुपारपर्यंत रद्दीचा ढीग माझ्या घोट्याएवढा आणि 'ठेव'चा ढीग कमरेएवढा झाला. आई चहा घेऊन आली आणि खाली बसली. तिने सहज एक कागद उचलला, मग दुसरा. मग चहा बाजूला ठेवून ती उचलतच राहिली.

"काय शोधतेयस?" मी विचारलं.

"माझं नाव."

आम्हाला वाटलं गंमत करतेय. पण ती खरंच बघत होती. लाईट बिल पप्पांचं, गॅस पप्पांचा, घराचं ॲग्रीमेंट पप्पांचं, टेलिफोन पप्पांचा. तिच्या मोबाईलचं सिमकार्डसुद्धा माझ्या नावावर. आधार-बिधार तेवढं पर्समध्ये, बाकी या एवढ्या पसाऱ्यात एकच कागद निघाला, प्रेशर कुकरचं गॅरंटी कार्ड. त्यावर दुकानदाराने आईचं नाव लिहिलेलं.

"बघा," आई म्हणाली. "एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या नावावर एक कुकर. आणि तोही मोडीत गेला."

"अगं, असं काय बोलतेस? तुझं-माझं वेगळं आहे का?" पप्पा म्हणाले.

"नाही ना? मग घाला नाव."

पप्पा अडकले. वीस-पंचवीस वर्षं वापरलेलं वाक्य असं उलटं येऊन लागेल याचा त्यांनी विचारच केला नव्हता. पण माणूस तसा सरळ आहे. जरा वेळ कान खाजवून ते म्हणाले, "घालू की. त्यात काय."

आणि खरंच घातलं. ठाण्याला रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात जाऊन अर्धा फ्लॅट आईच्या नावे करून दिला. तिथे फोटो काढताना आई अशी बसलेली की समोरच्याला वाटावं पासपोर्ट काढतेय आणि परदेशातच चाललीय. आता उरलं फक्त सोसायटीचं. सोसायटी प्रत्येकाला शेअर सर्टिफिकेट देते, घर कुणाचं ते सांगणारं. त्याच्या पाठीमागे रकाने असतात. नवीन मालक आला की सेक्रेटरी तिथे नाव लिहितो, सही करतो, शिक्का मारतो. काम दोन मिनिटांचं. पण ते बिल्डरशी ॲग्रीमेंट व्हायच्या आत व्हायला हवं होतं, कारण बिल्डर सर्टिफिकेट बघून नावं घेणार. ज्याचं नाव त्याची सही, आणि त्याच नावाने नवीन घर.

पप्पांनी साड्यांची पिशवी सरकवली, सर्टिफिकेट काढलं. ते चकाकत होतं.

"पप्पा," मी म्हटलं, "हे पण?"

"तेच तर पहिलं केलेलं," पप्पा म्हणाले. अजून त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आईच्या आलं. ती हळूच म्हणाली, "अहो, यावर लिहिणार कसं?"

आमचे सेक्रेटरी काका तिसऱ्या मजल्यावर राहतात. रिटायर्ड, शुद्ध बोलणारे. प्रत्येक वाक्याआधी घसा असा साफ करतात, जसं काही माईक टेस्ट करतायत. त्यांच्यासमोर मी शक्यतो तोंड उघडत नाही, कारण उघडलं की त्यांचाच आवाज बाहेर येईल याची भीती.

त्यांनी सर्टिफिकेट उलटसुलट केलं. खिडकीत धरलं. नखाने वाजवलं.

"उत्तम ठेवलं आहे हो," ते म्हणाले.

"पाण्यात घातलं तरी काही होणार नाही," पप्पा लगेच म्हणाले.

"तीच तर अडचण आहे. असं बघा, सर्टिफिकेट हरवलं तर नियम आहे. पोलिसांत तक्रार द्या, वर्तमानपत्रात जाहिरात द्या, आम्ही दुसरं देतो. फाटलं, खराब झालं, तरी नियम आहे. जुनं जमा करा, नवीन घ्या. पण हे?" त्यांनी पुन्हा नखाने वाजवलं. "हे तर माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. याला खराब म्हणून समितीपुढे कसं ठेवू?"

"प्लास्टिकवर मार्करने लिहिलं तर?" आईने विचारलं.

"वहिनी, पुसलं गेलं तर तुम्हीच पुसल्या जाल."

बिल्डरला यादी रविवारी जाणार होती. आम्ही गुरुवारी जिना उतरत होतो.

घरी आल्यावर मी मोबाईलवर व्हिडिओ शोधले. एक माणूस सांगत होता, गरम इस्त्री फिरवा, लॅमिनेशन केळ्याच्या सालीसारखं निघेल. आई म्हणाली आधी दुसऱ्या कशावर तरी बघ. मग टेलिफोनचं बिल घेतलं, उशीच्या अभ्र्यावर ठेवलं, इस्त्री फिरवली. साल निघाली. पण अक्षरं कागदावर राहिली नाहीत, अर्धी प्लास्टिकला गेली आणि अर्धी अभ्र्याला. आमच्या उशीवर अजून पप्पांच्या नावाचं 'महाशय' आहे, उलटं.

पप्पांनी इस्त्रीचा प्लग काढला. "माझ्या सर्टिफिकेटला हात लावायचा नाही."

"माझ्या?" आई म्हणाली.

"म्हणजे आपल्या."

"मग सोसायटीत सांगा हरवलं म्हणून," मी म्हटलं.

"आणि पोलिसांत खोटी तक्रार देऊ? अख्ख्या बिल्डिंगला दाखवलंय मी ते. वॉचमनला पण दाखवलंय."

हे खरं होतं. पाणी शिरल्यानंतर पप्पा प्रत्येकाला सांगायचे, कागद असे ठेवायचे असतात. दोन-तीन काकांनी त्यांच्या सल्ल्याने आपलीही सर्टिफिकेटं लॅमिनेट केलीत, त्यांना अजून पत्ता नाही. हे वाचून लागेल.

जेवण झाल्यावर आईने टेबल पुसलं, त्यावर सर्टिफिकेट ठेवलं आणि शेजारी दुधाच्या पिशव्या कापायची कात्री ठेवली.

"फाटलं तर नियम आहे म्हणाले ना," ती म्हणाली. "मी कापत नाहीये. मी कापलं तर तुम्ही जन्मभर म्हणाल, हिने कापलं. तुम्हाला वाटलं तर कापा, नाहीतर राहू दे. डोंबिवलीला काय, नावाशिवाय पण भात शिजतो."

हे शेवटचं ती एवढ्या साध्या आवाजात बोलली की मला त्याची नक्कल करता आली नसती.

पप्पांनी कात्री उचलली. ठेवली. मग मला म्हणाले, "आधी झेरॉक्स काढून आण. दोन्ही बाजू." मी आणली. "मोबाईलमध्ये फोटो पण काढ." काढला. "ताईला पाठव." पाठवला. ताईचा लगेच मेसेज आला, 'काय झालं, कोण गेलं?'

मग ते पट्टी शोधायला लागले.

"पट्टी कशाला?"

"वाकडं कापलं तर बरं दिसेल का?"

"पप्पा, फाटलेलं दिसायला हवंय!"

"फाटलेलं असलं तरी नीट फाटलेलं असावं," ते म्हणाले आणि स्केचपेनने प्लास्टिकवर मधोमध रेघ मारली. रेघ थोडी पुसली गेली, पुन्हा मारली. आई टीव्हीकडे तोंड करून बसलेली, पण टीव्ही बंद होता.

त्यांनी कापलं. चांगलं जाड प्लास्टिक, दुधाच्या कात्रीला दम लागला. अर्ध्यात अडकली तेव्हा मला वाटलं आता थांबणार. त्यांनी कात्री बाहेर काढून बनियनला पुसली आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. दोन तुकडे झाल्यावर ते थोडा वेळ दोन्ही हातांत धरून बसले, पत्ते वाटल्यासारखे.

"झालं खराब," ते म्हणाले. "एकदम खराब."

सकाळी सेक्रेटरी काकांनी दोन्ही तुकडे जुळवून बघितले. कड कशी सरळ आलीय ते बघितलं. माईक टेस्ट झाली.

"हे असं कसं झालं?"

"कात्री लागली," पप्पा म्हणाले.

"दुर्दैव," काका म्हणाले आणि अर्जाचा कागद आमच्याकडे सरकवला.

शनिवारी समितीचे दोघे-तिघे जिन्याखालच्या ऑफिसात जमले, मीटरच्या खोलीशेजारी. नवीन सर्टिफिकेट काकांनी शाईच्या पेनाने लिहिलं. पप्पांचं नाव, खाली आईचं, पूर्ण. लिहून होईपर्यंत आई टेबलाला टेकून उभी होती.

"मी सही कुठे करायची?"

"वहिनी, यावर तुमची सही लागत नाही. आमची लागते."

"मग करा तुम्ही. नीट करा."

सह्या झाल्या, शिक्का बसला. पहिल्या फटक्यात बसला. आईने कागद घेतला आणि तिथेच वाचायला लागली, वरपासून, सोसायटीचा नंबर, पत्ता, सगळं. समितीवाले एकमेकांकडे बघायला लागले.

"अगं चल, घरी वाच," पप्पा म्हणाले.

"घरी कशाला? काही चुकलं असेल तर हे लोक इथे आहेत."

काही चुकलं नव्हतं. तिने शाई वाळल्याची खात्री केली. पप्पांनी सवयीने हात पुढे केला, "दे, ठेवतो." तिने दिलं नाही. "मी ठेवते," म्हणाली.

आता आम्ही डोंबिवलीला आहोत. ॲग्रीमेंटवर आईची सही झाली, दुसऱ्या नंबरची. सर्टिफिकेट मात्र कुठे आहे ते पप्पांना माहीत नाही. या एवढ्याशा जागेत एक कागद सापडत नाही, आणि त्यांची झोप उडालीय. दर दोन दिवसांनी विचारतात. आई म्हणते, "आहे." "अगं पण कुठे?" "आहे."

परवा त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, तू तरी काढून घे तिच्याकडून. मी बाहेरच्या खोलीतून हुबेहूब सेक्रेटरी काकांचा आवाज काढला. घसा साफ केला, सगळं केलं. "वहिनी, ते सर्टिफिकेट जरा तपासायचं होतं."

आतून फोडणीच्या आवाजातून उत्तर आलं, "काका, तुम्हाला पण सांगणार नाही. आणि तुमच्या शेजारी उभे आहेत, त्यांना पण नाही."