डावललेला बोंबील

स्ट्रोकनंतर आमच्या ह्यांनी जगाची डावी बाजू बंदच करून टाकली. डोळे ठणठणीत, पण डावीकडे काही आहे हे त्यांच्या गावीच नसायचं. दाढी करायचे ती उजव्या गालाची. ज्यांनी न्हावा शेवा बंदरात जन्मभर कंटेनर तपासले, ते ताटातलं उजवीकडचं जेवून माझ्यावर करवादायचे, "एवढंच वाढलंस?" मी गुपचूप ताट फिरवलं की खूश. "हां, आता कसं वाढलंस."

घरी येणाऱ्या थेरपिस्ट मॅडमनी हे ताट फिरवणं बंद केलं. टेबलाच्या डाव्या कडेला त्यांनी लाल पट्टी चिकटवली. ती दिसेपर्यंत ह्यांनी मान वळवायची. आवडीचं सगळं डावीकडे ठेवायचं आणि मीसुद्धा तिकडेच बसायचं. आवडीच्या गोष्टींत माझी गणती झाली म्हणून मी जरा फुशारले.

ती फुशारकी फार टिकली नाही. मी शेजारी खुर्ची चिकटवून बसलेली आणि हे उजवीकडच्या फ्रिजला विचारणार, "अगं, कुठे आहेस?"

"इथेच आहे."

"आवाज येतोय, पण दिसत नाहीस," हे फ्रिजलाच सांगायचे. मग मॅडमकडे तक्रार, "हिला सांगा जरा, माझ्याजवळ बसत जा म्हणावं."

डावलणं हा शब्द कुठून आला असेल ते मला तेव्हा कळलं. उठून उजवीकडे जावंसं वाटायचं, पण मॅडम डोळे वटारायच्या. आता ह्यांना मी अशीच कायमची दिसेनाशी होणार, अशी भीती वाटायची.

एका दुपारी मी बोंबील तळले आणि ताटात डावीकडे ठेवले. ह्यांनी नाक वर केलं. "शेजारी बोंबील तळतायत. आपल्याकडे आपली रोज डाळ."

माझं डोकंच फिरलं. मी त्यांच्या ताटातला एक बोंबील उचलला आणि कुरुमकुरुम चावून खायला लागले. ह्यांची मान हलली. ताटावर थांबली, लाल पट्टीपर्यंत आली, आणि मग आणखी वळून थेट माझ्या तोंडाकडे. कुणीही वळा म्हटलं नव्हतं.

"माझा बोंबील खातेस?"

मी हो म्हणायला गेले आणि तोंडात घास तसाच ठेवून रडायलाच लागले.

हे घाबरले. "अगं, खा, खा," म्हणत त्यांनी डावीकडचा दुसरा बोंबील उचलून माझ्या हातात दिला. "एका बोंबलासाठी कुणी रडतं का?"