सुनेला खाली आणण्याची गोष्ट

दोन हजार तेवीस साली मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो आणि तोवर माझ्या हातून एकही चूक झालेली नव्हती.

शाळा चौथीत सोडली ती चूक नव्हती. मास्तरांनाही तसंच वाटलं होतं. पुढे सांगलीकडे उभं आयुष्य पिठाची गिरणी चालवली, कुणाच्या ज्वारीत कुणाचा गहू मिसळू दिला नाही. मग मुलाने आम्हा दोघांना अमेरिकेत, नेपरव्हिलला आणलं. इथे चूक करायला माणसाच्या हातात काही देतच नाहीत. भांडी मशीन घासतं, कपडे मशीन वाळवतं. मी उरतो. म्हणून मी सुनेबरोबर मैदानावर जायला लागलो.

सून म्हणजे रसिका, नागपूरची. कॉलेजात खो-खो खेळायची. पुढे नोकरी, लग्न, व्हिसा या भानगडीत खेळ सुटला. तिच्या ऑफिसात मॉरीन नावाची एक आयरिश बाई आहे, तिने रसिकाला आपल्या क्लबात ओढलं. या आयरिश लोकांचा फुटबॉल निराळाच. चेंडू हाताने धरायचा, पायाने मारायचा, आणि मध्ये कोण आलं हे बघायचं नाही. खांबांच्या वरून घातला तर एक गुण, खालून जाळ्यात घातला तर तीन. रसिका जाळ्यासमोर उभी राहते.

मी स्वतः कबड्डी खेळलेला माणूस. मैदानावर माझी गरज आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं. बाकीच्यांना कळेपर्यंत मी पाण्याच्या बाटल्या सांभाळायचो.

क्लबात बायकांचे दोन संघ. एक वरच्या गटात खेळतो, एक खालच्या. रसिका खालच्या गटात, आणि त्या वर्षी तिचा संघ फायनलला पोचला. तिच्या आयुष्यातली पहिली फायनल. घरात भाजी चिरतानासुद्धा ती डावीकडे-उजवीकडे झुकायला लागली. नागपूरला तिचे आई-वडील फोनवर मॅच बघणार होते. सगळं कसं सुरळीत चाललं होतं (मी अजून काही केलं नव्हतं).

फायनलच्या आधीच्या रविवारी सकाळी वरच्या गटाची मॅच होती. रसिकाचा सराव त्यानंतर होता, म्हणून आम्ही आधीच जाऊन बसलो. मॅच संपत आली असताना वरच्या संघातल्या एका मुलीचा पाय मुरगळला. मॉरीनच दोन्ही संघांची कोच, ती त्या मुलीला धरून गाडीकडे घेऊन गेली. बदली द्यायला कोणी उरलेलं नव्हतं. आतल्या मुली आमच्याकडे बघून हातवारे करायला लागल्या, कोणीतरी या म्हणून. रसिका माझ्या शेजारी केळं सोलत होती.

"रसिका, ऊठ. जा."

"नाना, मी ह्या टीममध्ये नाहीये."

"शर्ट कोणता घातलायस?"

"शर्ट दोन्ही टीम्सना सेमच असतो."

"मग टीम पण सेमच. ऊठ."

"थांबा, मॉरीनला विचारते."

"मॉरीन ऑफिसात सगळं तुला विचारून करते का?"

आणि मी तिच्या हातातलं केळं काढून घेतलं (आणि खाल्लं, वाया कशाला घालवायचं) आणि तिच्या पाठीवर थाप मारली. थाप जरा जोरात बसली. ती थेट रेघेच्या आत गेली. पंचाने मान हलवली, शिट्टी वाजवली, आणि माझी सून वरच्या गटात खेळायला लागली. म्हणजे एका कोपऱ्यात उभी राहिली. चेंडू काही तिच्याकडे फिरकला नाही. दोनेक मिनिटांत मॅच संपली.

तेवढ्या वेळात मी नागपूरला फोन लावला होता. तिकडे रात्रीची जेवणं चालली होती.

"व्याहीबुवा, तुमची मुलगी वर चढली."

"कशावर?"

"वरच्या गटात हो. बढती मिळाली."

व्याही जेवता जेवता उठले असावेत, ताट सरकल्याचा आवाज आला. त्यांनी लगेच ती बातमी सगळ्या नातेवाइकांना कळवली. इकडे मॉरीन परत आली, तिने मैदानात रसिकाला बघितलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मी तिला अंगठा दाखवला. तिने काही दाखवला नाही.

परत येताना रसिका गाडी चालवत होती. मी म्हटलं, "गाडी डेव्हन ॲव्हेन्यूला, आपल्या देशी दुकानांकडे घे. पेढे घेऊ." तर तिने गाडी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये उभी केली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"नाना, वरच्या ग्रेडमध्ये एक मिनिट जरी खेळलं ना, तरी त्या सीझनपुरती ती प्लेअर वरचीच धरतात. मग खाली खेळता येत नाही. मलापण माहीत नव्हतं, मॉरीनने आत्ता सांगितलं."

"चांगलं आहे की. खाली कशाला जायचंय?"

"फायनल खाली आहे, नाना."

मी समोर बघितलं. समोर कार्पेटचं दुकान होतं.

"असला कसला नियम?"

"नाहीतर वरच्या स्ट्राँग प्लेअर्सना खाली आणून कोणीही फायनल जिंकेल ना."

हे बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला. आमच्या गावात कबड्डीचा संघ एकच. जो घरी सापडला तो खेळला. वरचा आणि खालचा असा भेद फक्त माझ्या गिरणीतल्या दगडांना होता.

घरी आमच्या हिने सगळं ऐकून घेतलं. मला जेवायला वाढलं, पण ताट जरा लांबून सरकवलं. मुलगा संजय कामासाठी दुसऱ्या राज्यात, प्लेनोला गेला होता. तो फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्हाला फक्त पाणी द्यायचं होतं." एवढंच बोलला आणि फोन ठेवला.

वाट एकच उरली होती. बुधवारी स्पर्धेची कमिटी बसणार होती. ही खेळाडू वरच्या गटाच्या लायकीची नाही असं कमिटीला पटलं, तर ती तिला परत खाली उतरवू शकते. नाही पटलं तर फायनलला जाळ्यासमोर दुसरी मुलगी उभी राहणार. ती मुलगी नवीन होती आणि चेंडू जवळ आला की डोळे मिटायची.

सोमवार, मंगळवार रसिका ऑफिसातून आली की गॅरेजच्या दारावर चेंडू मारायची आणि स्वतःच अडवायची. धप्. धप्. आत सोफ्यावर बसून मी ऐकायचो. तो आवाज दारातून यायचा आणि माझ्या छातीत बसायचा. मध्येच थांबायचा, तेव्हा तर जास्तच. मी चहा घ्यायचो आणि तो कपातच निवायचा. ही विचारायची, "गरम करून देऊ?" पण अशा आवाजात, की मी तसाच प्यायचो.

बुधवारी संध्याकाळी मी कोट घातला, टोपी घातली.

"तुम्ही कुठे निघालात?" हिने विचारलं.

"कमिटीला."

"अहो, तुम्ही नका जाऊ. मी हात जोडते."

"घोळ मी घातला ना? मग निस्तरणार पण मीच."

"निदान घोळ घातला हे कबूल तरी केलंत."

"मी तुम्हा सगळ्यांचं म्हणणं बोलून दाखवलं. माझं वेगळं आहे."

एका हॉलच्या मागच्या खोलीत कमिटी बसली होती. टेबलापलीकडे तीन माणसं. मधला अध्यक्ष, पांढऱ्या भुवयांचा, माझ्याच वयाचा असेल. टेबलावर एक चेंडू ठेवलेला. मॉरीन उभी राहून दोन-तीन वाक्यं बोलली. अध्यक्षाने मान डोलावली, काहीतरी म्हणाला. रसिकाचा चेहरा एकदम उजळला.

"नाना, चला."

"चला काय? मी अजून बोललो कुठे?"

"गरजच नाहीये नाना, ते..."

"बस खाली. आणि मी बोलतो ते यांना जसंच्या तसं इंग्रजीत सांग."

मी उभा राहिलो, टोपी सारखी केली.

"साहेब, मी हिचा सासरा. सासऱ्याइतकं सुनेला कोणी ओळखत नाही."

रसिकाने ते सांगितलं. तिघांनी आदराने माना हलवल्या. मला जोर आला.

"हिला चेंडू दिसत नाही."

"नाना?"

"सांग तू. हिला डावं-उजवं कळत नाही. विमानतळावरून आम्हाला घरी आणताना दोनदा चुकीच्या रस्त्याला लागली."

"तेव्हा तुम्ही मागून 'इकडे वळ, इकडे वळ' करत होतात."

"ते सांगू नकोस. पळते तर अशी, की म्हशीला पाहुण्यांकडे जायची घाई झालीय. वरच्या गटात काय, साहेब, हिला खालच्या गटातसुद्धा कोणी..."

इथे मॉरीनने रसिकाच्या कोपराला हात लावला. तिला मराठी येत नाही, पण रसिकाच्या चेहऱ्याचा रंग तिला दिसत होता. अध्यक्षाने नम्रपणे विचारलं, आजोबा काय म्हणाले. मला चेंडू दिसत नाही म्हणतायत, एवढं त्याला इंग्रजीत सांगून रसिका माझ्याकडे वळली.

"नाना, तुम्ही मला कधी नीट खेळताना बघितलंय तरी का? सेमीफायनलला मी दोन गोल अडवलेत."

"नशीब."

"नशीब? दुसरा तर पूर्ण उलट्या बाजूला उडी मारून!" आणि पुढचं सगळं ती इंग्रजीत बोलायला लागली, त्या तिघांकडे बघून, हाताने उडी दाखवत. टेबलावरचा पाण्याचा ग्लास तिने बाजूला सरकवला आणि तिथे गोलाचे खांब कुठे होते तेही दाखवलं.

मी हळूच म्हटलं, "रसिका, सांभाळ. तू वाईट खेळतेस."

तिचं लक्ष नव्हतं. ती मॉरीनकडे वळून बोलत होती. अध्यक्षाला काय वाटलं कोण जाणे, त्याने टेबलावरचा चेंडू उचलला आणि तिच्या दिशेने टाकला. मी ते बघितलं. आता हा चेंडू तिच्या कानावर आपटू देणं यातच सगळ्यांचं भलं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "धर!"

तिने मान न वळवता एका हाताने कानाजवळ चेंडू धरला.

तिघं एकमेकांकडे बघत राहिले. मग अध्यक्ष जे बोलला त्यातला मला एकच शब्द कळला: सॅटर्डे.

गाडीत मी विचारलं, "काय म्हणाला?"

"नाना, मॉरीनने पहिल्या मिनिटालाच सांगितलं होतं की मी बॉलला हातसुद्धा लावला नव्हता. ते 'ठीक आहे, खेळू दे' म्हणाले होते. म्हणून तर मी 'चला' म्हणत होते."

"आणि आता?"

"आता ते विचार करणार आहेत. शनिवारी सांगतील."

ते दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. हिने देवापुढे दिवा लावला आणि मला त्या खोलीत यायची बंदी केली. व्याह्यांचा रोज फोन यायचा, "मग, वरच्या गटातली फायनल किती वाजता?" मी म्हणायचो, आवाज तुटतोय. रसिका चिडली असती तर बरं वाटलं असतं. ती मला वेळेवर गोळ्या आणून द्यायची आणि "नाना, पाणी" म्हणायची. बस्स. गॅरेजमधला आवाजही बंद झाला होता. शुक्रवारी मीच चेंडू घेऊन गेलो आणि दारावर एकदा मारून बघितला. ती बाहेर आली नाही.

शनिवारी दुपारी मॉरीनचा फोन आला. रसिका फोन कानाला लावून जिन्याच्या पायरीवर बसली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती नुसती "ओके, ओके" करत होती. या "ओके"चा काही भरवसा नाही, इथे लोक वाईट बातमीलाही ओकेच म्हणतात. शेवटी तिने फोन ठेवला आणि हिच्या गळ्यात पडली. मला कोणी काही सांगितलं नाही, पण मी समजलो.

फायनलला आम्ही सगळे गेलो, संजयही आला होता. आणि तिथे मला निराळाच प्रकार दिसला. ओळख ना पाळख, लोक येऊन माझ्या पाठीवर थोपटत होते. एका म्हाताऱ्याने स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवलं, मग रसिकाकडे, आणि वाईट वाटल्यासारखी मान हलवली. कमिटीतली गोष्ट क्लबभर झाली होती. नाना नावाच्या माणसाची सून, आणि तिला चेंडू दिसत नाही!

मॅच शेवटपर्यंत अडकलेली. आमचे दोन गुण जास्त, म्हणजे एक गोल झाला की गेलंच. शेवटच्या मिनिटाला समोरची एक धिप्पाड मुलगी एकटीच चेंडू घेऊन रसिकावर चालून आली. हिने माझं मनगट धरलं, त्याच्या खुणा पुढे चार दिवस होत्या. रसिका जागची हलली नाही. ती मुलगी मारायला गेली आणि रसिकाने सगळं अंग तिच्या पायात टाकलं. उठली तेव्हा चेंडू तिच्या पोटाशी होता आणि शिट्टी वाजत होती. नागपूरचे व्याही फोनमध्ये रडत होते.

अध्यक्ष येऊन रसिकाला काहीतरी म्हणाला आणि दोघं हसली.

"काय म्हणाला?"

"म्हणतायत, नजर तर चांगली वाटते."

झालं. कप मिळाला, सगळे नाचत होते, आणि माझं डोकं तापलं. एवढं मैदान माझ्या सुनेबद्दल जे खोटं खरं मानत होतं, ते माझ्या शब्दावर मानत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रसिका ऑफिसला जायला गॅरेजमध्ये आली, तेव्हा मी कोट-टोपी घालून, पट्टा लावून तिच्या गाडीत बसलो होतो.

"नाना, हे काय?"

"त्या अध्यक्षाकडे घे. मला माझं बोलणं परत घ्यायचंय. माझी सून वरच्या गटातलीच आहे, हे त्याला तोंडावर सांगणार."

"तसं सांगितलंत तर कालची मॅच रद्द होईल. कप जाईल."

मी विचार केला. "मग पुढच्या वर्षी सांगू."

"पुढच्या वर्षी सांगायची गरजच नाही. खालच्या ग्रेडमध्ये जी टीम जिंकते ती अख्खी वर जाते. तसा रूलच आहे."

"म्हणजे मी बोललो नसतो तरी तू खाली खेळली असतीस, आणि आता नाही बोललो तरी तू वर जाणार?"

"हो."

"मग मी एवढं बोललो ते कशासाठी?"

"ते आम्ही सगळे बुधवारपासून विचारतोय, नाना."

यावर सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. पण सुनेला ऑफिसला उशीर नको, निव्वळ एवढ्यासाठी मी मान ताठ ठेवली, दार उघडलं, झटक्यात गाडीतून उतरायला निघालो, आणि पट्ट्याने मला होतो तिथे परत बसवलं.