व्हर्लिनची न धुतलेली टोपी

बेसबॉलमध्ये व्हर्लिन स्टिडमचा चेंडू सरळ यायचा आणि फलंदाजापाशी ऐन वेळी मटकन खाली बसायचा. हातातली कला होती ती! पण लोकांना त्यात काळंबेरंच दिसायचं. कारण चेंडू टाकण्याआधी तो दोन बोटं टोपीच्या कडेला लावायचा. झालं! "ग्रीस लावतोय, ग्रीस!" चेंडूला काही चोपडणं म्हणजे आमच्या खेळात शुद्ध लबाडी.

पंच टोपी उलटीसुलटी करायचे, पट्टा चाचपायचे, चेंडू हुंगायचे. सापडायचा फक्त घाम. मी त्याचा कॅचर, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. त्याचा चेंडू माझ्या हातमोज्यात यायचा तो कोरडा ठणठणीत. पण माझं कोण ऐकतंय? चोर चोर मावसभाऊ म्हणायचे.

"मेल्या, सोड की ती खोड!" एकदा मी वैतागून म्हटलं.

"का सोडू, डब? ते टोपीकडे बघत बसतात नि चेंडू निसटतो," तो हसला.

ते हसू महागात पडलं. त्याच्यापुढे पाणी भरतील असे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, बेसबॉलच्या कीर्तिदालनात गेले आणि हा केंटकीत टोमॅटो लावत बसला. म्हातारपणी कधीतरी निवड झाली, तीही नाकं मुरडतच. ज्याला व्हर्लिननं आयुष्यभर नाचवलं तो फलंदाज रॉइस हॅडॉक रेडिओवर बरळला, "ती टोपी आण म्हणावं. मी हुंगतो. ग्रीस नसलं तर सगळ्यांसमोर माफी मागतो!"

टोपी होतीच. आम्हा खेळाडूंत जिंकती टोपी धुवत नाहीत, नशीब वाहून जातं. व्हर्लिननं तर तिला कधीच पाणी लागू दिलं नव्हतं. घामाच्या मिठानं ती पांढरी पडली होती, पण तेलाचा डाग नव्हता.

"होऊ दे एकदा दुधाचं दूध, पाण्याचं पाणी," तो मला म्हणाला. इतका खुश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

समारंभाच्या दिवशी त्याच्या बायकोनं, आर्वेलानं, कागदी पिशवीतून टोपी काढली. रॉइसनं सगळ्यांसमोर नाक खुपसलं.

"साबण!"

"मीच धुतली काल," आर्वेला कौतुकानं म्हणाली. "कीर्तिदालनात काचेत ठेवणार ना? एवढी कळकट कशी द्यायची बाई?"

"वा रे वा! पुरावाच धुऊन टाकला!" रॉइस ओरडला. हशा पिकला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आर्वेलाच्या तेव्हा ध्यानात आलं. चेहरा पडला, डोळे भरले. "व्हर्लिन, मी हे काय करून बसले रे?"

मला वाटलं, आता तरी हा तोंड उघडेल. त्यानं टोपी घातली. क्षणभर बायकोकडे बघितलं. मग दोन बोटं टोपीच्या कडेला लावली आणि रॉइसला डोळा मारला.

"बरोबर ओळखलंस, गड्या. ग्रीस नव्हतंच कधी. पहिल्यापासून साबणच लावायचो मी."

सगळे खो खो हसले. डोळे पुसता पुसता आर्वेलाही हसली.

व्हर्लिन गेला. लोक आता छातीठोकपणे सांगतात, त्यानं स्वतःच कबूल केलं होतं म्हणून. चेंडू कोरडा होता हो, मी अजून सांगत फिरतो. कोणी ऐकत नाही.